बोअर आणखी खोल नेण्याआधी

पंप चालू करताच धो धो पाणी आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. आधी पातळी मोज. टेपला वजन बांध, खालच्या टोकाला खडू फास, पंप रात्रभर बंद ठेवून पहाटे आत सोड. खडू जिथवर भिजला त्यावरून खोली काढ आणि वहीत लिही. दर महिन्याला. पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी पातळी मूळ जागी येत नसेल, तर तू व्याज नाही, मुद्दल खातोयस.

ठिबकने पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आपण लगेच आणखी रान भिजवतो (मीही तेच केलं). उपसा तेवढाच राहतो, शिवाय जमिनीत मुरणारं पाणीही घटतं.

खोल जाण्याचा मोह टाळ. खालचं पाणी बरेचदा हजारो वर्षांपूर्वीचं, कधी खारटही. उपशाने चिकणमातीचे थर दबले की पुन्हा फुगत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ मध्ये एके ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खचली.

आणि युरिया बेताने टाक. त्यातून बनणारं नायट्रेट पाण्यासोबत खाली उतरतं. पिण्याचं पाणी त्याच बोअरचं असेल तर वर्षातून एकदा तपासून घे.