‘अधिकारक्षेत्रा’तलं क्षेत्र काढा

प्रश्न असा आला: अमेरिकेच्या ‘फेडरल सर्किट’ या अपील न्यायालयाच्या ‘सब्जेक्ट मॅटर ज्युरिस्डिक्शन’ला, म्हणजे कोणत्या विषयांची प्रकरणं ऐकायची त्या अधिकाराला, मराठीत ‘विषयक अधिकारक्षेत्र’ म्हणावं का?

नाही. हे ‘अधिकारक्षेत्र’ ऐकून कान किटले. क्षेत्र म्हटलं की नकाशा आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला ते शोभतं. तिचे सहा जिल्हे बोट ठेवून दाखवता येतात. अमेरिकेतल्या 13 अपील न्यायालयांपैकी 12 अशीच प्रदेशावर बसलेली. 1982 मध्ये स्थापन झालेलं फेडरल सर्किट तेवढं निराळं. पेटंटचा दावा टेक्सासात चालला काय नि कॅलिफोर्नियात काय, अपील तिथेच. (म्हणून त्याला ‘पेटंट न्यायालय’ही म्हणू नका. आयातशुल्काचे वाद, माजी सैनिकांचे लाभ, सरकारी नोकरांच्या बडतर्फ्या यांचीही अपिलं तिथे जातात.)

‘वैद्यकीय क्षेत्र चालतं, मग हे का नाही?’ असं कोणी म्हणेलच. दवाखान्यात चालतं, कोर्टात क्षेत्र म्हणजे तालुका-जिल्हाच.

खरी मौज नुसत्या ‘अधिकार’ शब्दात आहे. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी एकशब्दी सूत्र आहे: ‘प्रत्ययः’. तिथून पाचवा अध्याय संपेपर्यंत त्याचाच अंमल. असल्या सूत्राला वैयाकरण अधिकारसूत्र म्हणतात. त्याला गाव नाही, शीव नाही. हद्द आहे ती विषयाची. आता अमेरिकी संहितेच्या अठ्ठाविसाव्या भागातलं कलम 1295 पाहा. आरंभी एकदाच सांगितलंय की फेडरल सर्किटला अनन्य अधिकार. खाली अपिलांची यादी. वरचा शब्द प्रत्येक नोंदीत आपोआप उतरतो. ही व्याकरणातली अनुवृत्तीच की! 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, पेटंटचा मुद्दा नुसत्या प्रतिदाव्यात, म्हणजे प्रतिवादीने उलट केलेल्या दाव्यात, असेल तर अपील फेडरल सर्किटकडे जात नाही. 2011 मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, कलमात सक्तीच्या (त्याच खटल्यात मांडावाच लागणाऱ्या) प्रतिदाव्याची भर घातली. पाणिनीच्या सूत्राला कात्यायनाने पुरवणीचं वार्तिक जोडावं तशी.

कोशवाले ‘अधिकारिता’ पुढे करतील. तो ‘अधिकारी’वरून आलेला शब्द, म्हणजे अधिकारी असणं. आम्ही खुर्चीवर कोण बसलंय ते विचारत नाही, तिच्यापुढे काय येतं ते विचारतोय. आणि ‘अधिकार म्हणजे हक्क’ हा आक्षेप तर ऐकूनच घेणार नाही. हक्काला हक्क म्हणा, मोकळे व्हा.

हो, उत्तर राहिलंच: विषयाधिकार.