मित्रमंडळींना मंगळवारी बोलवा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उन्हाळाभर कॅम्पग्राउंड होस्ट म्हणून, म्हणजे तंबूतळाची देखरेख करत, सेवा देणार आहात, फार छान! एकच सांगते, मित्रमंडळींना शनिवार-रविवारी बोलावू नका. तेव्हा तंबू आणि शेकोट्या सोडून आपल्याला हलताच येत नाही. मधल्या वारी सुट्टी घ्या आणि पहाटे पाचलाच थर्मासमध्ये चहा भरून उद्यानातलं लामार खोरं गाठा. धुक्यातून बायसनचा (अमेरिकी रानगव्यांचा) कळप नाकपुड्यांतून वाफ सोडत रस्ता ओलांडतो. गाडीतून उतरू नका. पायी असाल तर बायसनपासून किमान 25 यार्ड, अस्वलापासून 100 यार्ड लांब राहा. फोटोसाठी पुढे सरकणाऱ्या मित्राला सरळ दंडाला धरून मागे ओढा, रागावला तरी चालेल. ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं साधारण दीड तासाने उडतं, तेवढ्यात डबा खाऊन होतो. आणि हो, जुलैतही स्वेटर हवाच.