हेलिकॉप्टर नेमकं कुणाचं? सीमाभागातल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी विमान कंपनीचा तुमकूरचा हेलिकॉप्टर कारखाना सुरू झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातून येणारी पत्रं वाढली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं. आराखडा कुणाचा, परवाना कुणाचा, जोडणी कुठली आणि सुटा भाग कुणी घडवला, या चार गोष्टी लोक एकच धरून चालतात. गप्पांच्या कट्ट्यावर त्याने फार बिघडत नाही. घरातले पैसे त्यावर लागले की मात्र बिघडतं, म्हणून यावेळी सगळी उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न : सांबऱ्याला पूर्वी हेलिकॉप्टर बनत होती, असं आजोबा सांगायचे. खरं का? (वाचक, सुळेभावी)

नाही. बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाचं तळ आहे आणि तिथं वायुसैनिक घडवले जातात, हेलिकॉप्टर नव्हे.

प्रश्न : मग नाशिकजवळच्या ओझरला तरी बनतात ना? तोही एचएएलचाच कारखाना आहे. (वाचक, निपाणी)

कारखाना एचएएलचाच, पण तिथलं काम लढाऊ विमानांचं : आधी मिग, नंतर सुखोई-30. हेलिकॉप्टरचं मुख्य घर बेंगळूर, आणि आता त्याच्या जोडीला तुमकूर.

प्रश्न : एचएएल वालचंद हिराचंद यांनी काढली. ते सोलापूरचे. म्हणजे मूळ कंपनी आपल्या माणसाची, असं म्हणायला हरकत नाही ना? मित्र वाद घालतात. (वाचक, टिळकवाडी)

पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. वालचंद 1882 मध्ये सोलापुरात जन्मले. सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेले इंजिनिअर बेळगावात गल्लोगल्ली सापडतील, त्यामुळे हे नाव आपल्याकडे कुणाला नवं नाही. विल्यम पॉली या अमेरिकन माणसाला हाताशी धरून त्यांनी विमान कारखान्याचा घाट घातला. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले, आणि 23 डिसेंबर 1940 रोजी बेंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. मार्च 1941 मध्ये भारत सरकार भागीदार झालं आणि 1942 मध्ये कारभारच सरकारने हाती घेतला, कारण युद्ध दाराशी आलं होतं. आजचं नाव 1 ऑक्टोबर 1964 चं, दोन सरकारी कंपन्या एक केल्या तेव्हाचं.

तेव्हा कल्पना वालचंदांची, जमीन म्हैसूरची आणि पुढचा कारभार सरकारचा. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता आणि कारखाना म्हैसूर संस्थानात. आजच्या सीमेचा वाद त्या काळावर लादून काही हाती लागत नाही. अभिमानच बाळगायचा असेल, तर त्याला जास्त पात्र असलेला माणूस संकेश्वरपासून जवळ, गडहिंग्लज भागातल्या हसूरचंपूचा आहे : डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि परत येऊन 1951 मध्ये उडालेल्या एचटी-2 या शिकाऊ विमानाच्या आराखड्याचं नेतृत्व केलं. ते हेलिकॉप्टर नव्हतं. पण स्वतःच्या कागदावर स्वतःचं यंत्र काढायचं, ही सवय त्या कारखान्याला ज्यांनी लावली त्यांत घाटगे पहिले. गडहिंग्लज-संकेश्वरच्या शाळांत त्यांचं नाव मुलांना सांगितलं जात नसेल, तर ते सांगायला हवं.

प्रश्न : मेहुणा म्हणतो ध्रुव हेलिकॉप्टर जर्मन आहे. मी म्हणतो शंभर टक्के देशी. पैज लागली आहे. (वाचक, चिकोडी)

पैज दोघंही हरलात.

सुरुवात चेतकपासून करा. ते मूळ फ्रेंच अल्युएत-3. 1962 मध्ये परवान्याचा करार झाला आणि 1965 मध्ये बेंगळूरहून पहिलं चेतक बाहेर पडलं. परवान्यावर बनवणं म्हणजे परदेशी कंपनीच्या आराखड्याबरहुकूम बनवणं. आधी तयार भाग आणून जोडायचे, मग एकेक भाग इथं घडवायचा. पुढं जवळजवळ सगळं इथं झालं, तरी आराखड्यात मनासारखा बदल करायला मोकळीक नसते. 1970 च्या कराराने आलेलं चिताही तसंच. मात्र त्याचा जन्मच आपल्या गरजेतून झाला : हिमालयाच्या उंचीवर चालेल असं यंत्र भारताला हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी अल्युएत-2 च्या हलक्या सांगाड्याला अल्युएत-3 चं इंजिन आणि पंखा बसवला. याच जातीच्या हेलिकॉप्टरने 21 जून 1972 रोजी 12,442 मीटर उंची गाठली होती. सियाचिनच्या चौक्यांना रसद पोचवली ती याच चिताने.

ध्रुवची गोष्ट वेगळी. 1984 मध्ये एमबीबी या जर्मन कंपनीशी करार झाला तो आराखड्याला मदत करण्याचा, तयार हेलिकॉप्टर देण्याचा नव्हे. पंख्याचा गाभा पाहा. चेतकच्या गाभ्यात पात्यांना हलू देणारे बिजागर आहेत. ध्रुवच्या गाभ्यात ते नाहीत. तिथं कार्बन तंतूंचा पदार्थच लवचीक ठेवून काम भागवलं आहे, आणि पातीही तशाच पदार्थाची, चार. ही बिनबिजागरी विद्या जर्मनांकडची. पहिलं उड्डाण 20 ऑगस्ट 1992 चं. ठरवलेलं अमेरिकन इंजिन 1998 च्या अणुचाचणीनंतरच्या निर्बंधांत अडकलं, म्हणून फ्रेंच इंजिन घ्यावं लागलं, आणि पुढं फ्रेंचांच्याच साथीने शक्ती इंजिन तयार झालं. सैन्यात ध्रुव दाखल व्हायला 2002 उजाडलं.

मग देशी कशावरून? ध्रुवचाच पंखा, इंजिनं आणि गिअरबॉक्स घेऊन बेंगळूरच्या लोकांनी अरुंद अंगाचं प्रचंड हे लढाऊ हेलिकॉप्टर काढलं. ते 29 मार्च 2010 रोजी उडालं. चेतकच्या परवान्यावर असं काही करता आलं नसतं. आराखडा ज्याच्या हातात, यंत्र त्याचं. सुटे भाग चार देशांतले असू शकतात. फ्रेंचांचा आणि त्या जर्मन कंपनीचा हेलिकॉप्टर विभाग 1992 मध्ये एकत्र आला आणि आज ती एअरबस हेलिकॉप्टर्स आहे, हेही मेहुण्यांना सांगा.

प्रश्न : मुलगा फौजेत आहे, डोंगरातल्या चौकीवर. ये-जा हेलिकॉप्टरनेच. ध्रुव पडलं, चिता जुनं झालं, असं मोबाईलवर रोज काहीतरी येतं. जीव टांगणीला लागतो. (एक आई, खानापूर)

ताई, मोबाईलवर आलेलं आधी बाजूला ठेवा. त्यात जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरवले जातात.

खरं तेवढं सांगतो. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं. त्यानंतर देशातली सगळी ध्रुव जमिनीवर आणली गेली. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेट नावाच्या भागाकडे तपासाचा रोख गेला. पूर्ण ताफा थांबवणं ही वाईट बातमी वाटते, पण दोष सापडेपर्यंत उडायचं नाही, हीच शिस्त माणसं वाचवते. चिता-चेतकबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. तो आराखडा 1950 च्या दशकातला. त्यांच्या जागी येणारं हलकं हेलिकॉप्टर 6 सप्टेंबर 2016 रोजी पहिल्यांदा उडालं, त्यासाठीचा तुमकूरचा कारखाना 6 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झाला, आणि जुनी अजून उडतच आहेत. ही दिरंगाई क्षमा करण्यासारखी नाही. तंत्रज्ञांनी जुन्या यंत्रांना जिवापाड जपलं म्हणून हे निभावलं, आणि पुढंही निभावेलच असं कुणी गृहीत धरू नये.

तुमच्या मुलाचं यंत्र कोणतं आणि कोणत्या अवस्थेत, हे बेळगावात बसून कुणीही सांगू शकणार नाही. त्याने आपल्या युनिटमध्ये विचारावं. तुमची झोप उडाली असेल, तर बेळगावच्या मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या) माजी सैनिकांशी आणि गरज वाटल्यास डॉक्टरांशीही बोला.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. एका संस्थेचा माणूस घरी आला. "हेलिकॉप्टर इंजिनिअरिंग, एचएएल मान्यताप्राप्त, नोकरीची शंभर टक्के हमी." उद्यापर्यंत पन्नास हजार भरले तर सवलत म्हणतो. मूळ मार्कलिस्टही मागतो. काय करू? (वाचक, हुक्केरी)

उद्या काही भरू नका. मूळ मार्कलिस्ट तर मुळीच देऊ नका. ती परत घेताना काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आता नीट वाचा. विमान किंवा हेलिकॉप्टर दुरुस्त करून "उडायला योग्य" अशी सही करण्याचा परवाना डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ही संस्था देते, एचएएल नाही. एचएएल ही बनवणारी कंपनी. तिचं नाव माहितीपत्रकावर आणि ध्रुवचा फोटो भिंतीवर लावला म्हणून संस्था तिची होत नाही. प्रशिक्षण संस्थेला मान्यताही डीजीसीएच देते आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. त्या माणसाकडे मान्यतापत्राची प्रत मागा आणि तीन गोष्टी पाहा. मान्यतेची मुदत संपली आहे का? पत्ता तोच आहे का? आणि कोणत्या वर्गाची मान्यता आहे? बी1.1 म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं. टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी बी1.3 लागतं. पुष्कळ ठिकाणी मान्यता विमानांची असते आणि जाहिरात हेलिकॉप्टरची. पालकांना हा एक आकडा कुणी सांगत नाही, आणि तीन-चार वर्षांनी मुलगी परीक्षेला बसते तेव्हा तो कळतो.

दुसरं, वर्गातला कोर्स संपला म्हणजे परवाना मिळाला असं नसतं. डीजीसीएचे पेपर एकेक करून सुटावे लागतात आणि प्रत्यक्ष चालत्या यंत्रावर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. तो अनुभव कुठं मिळणार, कोणत्या कंपनीत, कोणत्या हेलिकॉप्टरवर, हे संस्थेकडून लेखी घ्या. "बघू की, होतंय" हे उत्तर नव्हे.

तिसरं, नोकरीची हमी. एचएएलची भरती जाहीर सूचनेतून होते. कंपनीच्या संकेतस्थळावर जाहिरात येते, परीक्षा होते, निवड होते. मधे दलालाला जागाच नाही. शिकाऊ उमेदवारी म्हणजे अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली चालते आणि तिच्यात कंपनी उमेदवाराला विद्यावेतन देते. ज्या "अप्रेंटिसशिप"साठी तुमच्याकडून पैसे मागितले जातात, तो फसवणुकीचा धंदा आहे. खरी अप्रेंटिसशिप पुरी केली तरी कायम नोकरी पक्की होत नाही, हेही मुलीला आधीच सांगा.

आपल्या भागातल्या मुलामुलींना विमानाच्या सुट्या भागांचं काम हवं असेल, तर हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ते तुमच्या तालुक्यातच चालतं. तिथं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, यंत्र हाताळणारा, मोजमाप अचूक घेणारा माणूस लागतो. त्यासाठी डिप्लोमाचा रस्ता स्वस्त आणि सरळ आहे.

संस्थेची खातरजमा डीजीसीएच्या बेंगळूर कार्यालयाकडून करा, गावातल्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा, आणि दोघांचं ऐकून मगच ठरवा. सवलतीची मुदत उलटली तर उलटू दे. पैसे आधीच दिले असतील, तर पावती घेऊन वकिलाकडे जा. उशीर करू नका.

प्रश्न : प्रचंडची मोठी ऑर्डर आली. एचएएलचे शेअर घ्यावेत का? (वाचक, शहापूर)

मार्च 2025 मध्ये 156 हेलिकॉप्टरांचा करार झाला, तेवढं मला माहीत. शेअरचं सेबीकडे नोंद असलेल्या सल्लागाराला विचारा.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. भंगारात एक गिअरचा भाग आला, त्यावर "एसए 316 बी" आणि एक नंबर कोरलेला आहे. एक जण चांगली किंमत द्यायला तयार आहे, साफ करून पॉलिश मारून दे म्हणतो. (वाचक, मच्छे)

एसए 316 बी हे अल्युएत-3 च्या एका प्रकाराचं नाव, म्हणजे आपल्याकडचं चेतक. विमानाच्या प्रत्येक भागाबरोबर त्याचा कागद चालतो. आपल्याकडे त्याला सीए फॉर्म 1 म्हणतात. भाग कुणी बनवला, कुणी तपासला, तो वापरायला मोकळा आहे की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. गिअरसारखा भाग ठरावीक तासांनंतर, बाहेरून चकचकीत असला तरी, बाद होतो, कारण धातू आतून थकतो आणि ते डोळ्याला दिसत नाही. कागद नसेल तर तो भाग उडणाऱ्या यंत्रात जाताच कामा नये. पॉलिश मारून घेणारा माणूस तो शोकेससाठी नेतो आहे की कुणाच्या यंत्रात बसवायला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय माल सैन्याचा निघाला, तर चौकशी तुमच्या दारात येईल.

तो भाग विकू नका आणि त्याला पॉलिशही मारू नका. भंगार ज्याच्याकडून आलं त्याची पावती शोधून ठेवा, वकिलाला विचारा आणि भाग पोलीस ठाण्यात नोंदवून एचएएलला लेखी कळवा. त्यावर कोरलेला नंबर घासून काढू नका. हा भाग कुठून निघाला ते शोधायला तोच उपयोगी पडेल.