वाचकांचे प्रश्न : हिरव्या तलावात पहाटे मासे का मरतात?

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावाचे पाणी पावसाळ्यात गर्द हिरवे होते. गेल्या श्रावणात तीन-चार दिवस ऊन पडले नाही आणि त्यानंतर एके दिवशी पहाटे कटला आणि रोहू जातीचे बरेच मासे पांढरी पोटे वर करून काठाला लागलेले दिसले. कोणीतरी विष टाकले, असे गावात सगळे म्हणतात. मासे गुदमरून मेले असतील का? पण पाण्यात एवढे शेवाळ असताना ऑक्सिजन कमी कसा पडेल?
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : मासे कोणत्या वेळी मेलेले दिसले हे तू आवर्जून लिहिलेस, ते फार बरे केलेस. शेवाळ ऑक्सिजन देते हे खरे आहे, परंतु ते फक्त उजेड असेतोवर. श्वसन मात्र चोवीस तास चालू असते आणि ते जसे माशांचे तसेच शेवाळाचे, किड्यांचे आणि तळाशी कुजणारा पाला खाणाऱ्या जिवाणूंचेही असते. म्हणून हिरव्या तलावातील ऑक्सिजन दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त, कधीकधी तर पाण्यात एरवी मावतो त्याहूनही अधिक असतो. सूर्य मावळला की जमा थांबते, खर्च चालूच राहतो आणि उजाडण्याच्या थोडे आधी शिल्लक सर्वांत कमी होते. शेवाळ जितके दाट, तितकी ही दुपारची भरती आणि पहाटेची ओहोटी मोठी. पाठ्यपुस्तकातील अन्नसाखळीच्या आकृतीत बाण असतात, पण घड्याळ नसते. ते असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मुळात पाण्यात ऑक्सिजन फार थोडा मावतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, तर ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. ढगाळ हवेत दिवसाची जमा घटते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो, उजेडाअभावी मरू लागलेले शेवाळ कुजताना त्यात भर घालते आणि वारा पडलेला असेल तर हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळण्याचा वेगही मंदावतो. अशी तीन-चार दिवसांची तूट साचली की एखादी पहाट माशांच्या जिवावर बेतते. तू सांगितलेली लक्षणे या चित्राशी तंतोतंत जुळतात.

तरीही विषाची शंका तपासल्याशिवाय सोडू नये. ऑक्सिजन कमी पडला की मासे आधी पृष्ठभागाशी येऊन, तोंडे वर काढून, पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरातून श्वास घेऊ पाहतात; त्या थरात हवेतून नुकताच मिसळलेला ऑक्सिजन असतो. अशा वेळी बऱ्याचदा मोठे मासे आधी जातात आणि त्याच जातीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तगतात. मरळ आणि मागूर हे मासे थेट हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्यामुळे तेही बहुधा वाचतात. मरळ, बेडूक आणि पाणकिडेसुद्धा मेलेले दिसले, किंवा भर दुपारी उन्हात मासे मेले, तर मात्र पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे आवश्यक आहे. पुढच्या वेळी शिक्षकांना सोबत घेऊन पहाटे आणि दुपारी, एकाच जागी, ऑक्सिजन मोजण्याच्या संचाने नोंद घ्या. दोन आकड्यांतील फरक पाहिलास की हा धडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही. काठावर एकटी मात्र जाऊ नकोस.

प्रश्न : तलाव हिरवा होण्याला युट्रोफिकेशन, मराठीत सुपोषण, म्हणतात असे मी वर्गात शिकवतो. सांडपाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन सगळेच असते. मग फॉस्फरसवरच एवढा भर का दिला जातो?
— माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आपला प्रश्न मर्यादक घटकाच्या संकल्पनेपाशी येतो. वाढ थांबते ती गरजेच्या मानाने सर्वांत अपुऱ्या पडणाऱ्या घटकापाशी. बाकीचे कितीही मुबलक असले तरी उपयोग नसतो. कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून मिळतो. नीलहरित शैवालाच्या काही जाती हवेतील नायट्रोजनही बांधून घेतात. फॉस्फरसचा असा हवेतील साठा नाही. तो खडकातून, मातीतून, खतातून, मैल्यातून आणि काही प्रक्षालकांतूनच (डिटर्जंट) पाण्यात येतो.

याचा सर्वांत बोलका प्रयोग कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. तेथे प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाचे सरोवर मध्यभागी चिंचोळे आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गळ्यापाशी पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र वर्गात जरूर दाखवावे. पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळे तलाव असावेत, असे ते दिसते.

फळ्यावर करण्यासारखा एक हिशेबही देतो. सागरशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी सागरी प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी, दिलेले सरासरी प्रमाण फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असे आहे. त्या प्रमाणाने एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमहून अधिक कोरडे शैवाल वाढू शकते आणि ते पूर्ण कुजताना सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. वर सांगितलेल्या साडेसात मिलिग्रॅमने भागले, तर हा जवळपास १९,००० लिटर पाण्यातील सगळा ऑक्सिजन झाला, म्हणजे दहा हजार लिटरच्या दोन टँकरांना थोडासाच कमी. गोड्या पाण्यात प्रमाण बदलते, पण अंदाज येण्यास एवढे पुरे.

नाले वळवले की तलाव सुधारतो का, हे विद्यार्थी नक्की विचारतील. अमेरिकेतील सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने वळवले गेले आणि काही वर्षांतच पाणी स्पष्टपणे निवळले. ते सरोवर खोल आहे. आपल्याकडील उथळ तलावांत वर्षानुवर्षे साचलेल्या गाळात फॉस्फरस लोहाशी बांधलेला असतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो. त्यामुळे नाले बंद होऊनही काही वर्षे पाणी हिरवेच राहू शकते आणि लोक निराश होतात. नाला बंद करणे चुकीचे नव्हते, गाळातील जुनी बाकी अजून फिटलेली नव्हती, हे मुलांना सांगायला हवे.

प्रश्न : जलपर्णी पाण्यातील ही पोषकद्रव्ये शोषून घेते, तर ती राहू द्यावी का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : शोषून घेते, हे खरे. मात्र पृष्ठभाग झाकून ती खालचा उजेड आणि हवेशी होणारी देवाणघेवाण दोन्ही अडवते, आणि कुजली की घेतलेले सगळे पाण्याला परत देते. उपयोग होतो तो ती मुळासकट बाहेर काढली तरच. काढलेले ढीग काठावरच सोडले, तर पहिल्या मोठ्या पावसात त्यांचा रस वाहून पुन्हा तलावात जातो. म्हणून खताचा खड्डा काठापासून दूर आणि पाण्याचा ओघ तलावाकडे जात नसेल अशा जागी खणावा.