‘किरण’ हे मुलीचं नाव आहे का?

“राजपत्रात नाव बदलायचं तर किती दिवस लागतात?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वडिलांनी खुर्चीत बसण्याआधीच विचारलं. शेजारी सातवीतला किरण मान खाली घालून बसला होता. (नाव तेवढं खरं ठेवलंय, कारण सगळा प्रश्न त्याचाच आहे. बाकी तपशील बदलले आहेत.)

शाळेतल्या स्पर्धेच्या यादीत तो ‘कु. किरण’ म्हणून मुलींमध्ये छापला गेला. तेव्हापासून वर्गात ‘किरणताई’ सुरू झालं. आठवडाभर तो शाळेत गेला नव्हता.

“दोघांना चालणारं नाव ठेवून आम्ही चूक केली का?” हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. संस्कृतात किरण पुल्लिंगी, मराठीतही आपण ‘तो किरण’च म्हणतो. हिंदीत मात्र ती ‘सूरज की किरण’, स्त्रीलिंगी. मूळ धातूचा अर्थ विखुरणे, ‘विकिरण’ही त्यातलाच. यष्टिरक्षक किरण मोरे याच नावाचे आणि १९७२ मध्ये आयपीएसमध्ये दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदीही. शिवाय ‘किरण आला’, ‘किरण आली’ म्हटलं की मराठीत गोंधळ उरतच नाही. गोंधळ होतो तो नुसत्या यादीत.

वडिलांना हे पटलं, मुलाला नाही. थोरामोठ्यांची नावं ऐकून चिडवणं बोचायचं थांबत नाही, म्हणून मी त्याला विचारलं, “सगळ्यात वाईट कशाचं वाटलं?” बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “सर हसले. आणि मी काहीच बोललो नाही.”

दुखत होतं ते इथे. मग आम्ही एकच वाक्य घोकलं: “सर, मी मुलांच्या यादीत हवा.” पहिल्यांदा आवाज फुटेना, पाचव्या वेळी त्यानं माझ्याकडे बघत म्हटलं. शिक्षकांशी वडिलांनी वेगळं बोलायचं ठरलं, कारण मोठ्यांची चूक निस्तरणं मुलावर टाकू नये. आणि बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याला फोन करायचं काम मी किरणला दिलं.

पुढच्या भेटीत तो खुर्चीत नीट टेकून बसला. “आत्यानं नाव मी जन्मायच्या आधीच ठरवलं होतं,” तो म्हणाला. “मुलगा होवो की मुलगी, किरणच. बाबांना पण हे माहीत नव्हतं.”

राजपत्राचा विषय वडिलांनी पुन्हा काढला नाही.