ऑटिझमची रक्तचाचणी शोधायची आहे, कोणता विषय घेऊ?

प्रिय विद्यार्थिनी,

धाकट्या भावाच्या ऑटिझमचं निदान व्हायला तीन वर्षं लागली, म्हणून जीवशास्त्राच्या पदवीनंतर जनुकशास्त्र घेऊन ऑटिझम ओळखणारी रक्तचाचणी शोधायची, असं तू लिहिलं आहेस. जनुकशास्त्र जरूर घे. पण माझा आग्रह संख्याशास्त्राचा आहे, आणि तेही पक्कं.

शंभरात एक मूल ऑटिस्टिक आहे असं धर. तुझी चाचणी ऑटिस्टिक मुलांपैकी ९० टक्के ओळखते आणि इतरांपैकी ९० टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते. हजार मुलांची तपासणी केलीस तर दहापैकी नऊ सापडतील. पण बाकीच्या ९९० मधल्या ९९ मुलांवर विनाकारण शिक्का बसेल! त्या ९९ घरांत काय होईल, याचा विचार कर. '९० टक्के अचूक' अशा बातम्या येतात तेव्हा हे गणित क्वचितच सांगितलं जातं, आणि अभ्यास बऱ्याचदा मूठभर मुलांवरचा असतो.

काही ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात सेरोटोनिन हे रसायन जास्त असतं, हे १९६१ पासून माहीत आहे. बहुतेकांत ते तसं नसतं, म्हणून निदानाला उपयोगी पडलं नाही. शँक३, सीएचडी८ ही जनुकं सापडली, पण अशी जनुकं शेकड्यांनी आहेत आणि एकेक जनुक फार थोड्यांत कारण ठरतं. सगळ्यांना लागू पडणारी एकच खूण मिळेल, असं मला वाटत नाही. काम उरलं आहे ते उपगट ओळखण्याचं. चेहरा पाहिल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी मेंदूत उमटणारी 'एन१७०' लहर ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये सरासरीने उशिरा येते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ती आपल्या बायोमार्कर (शरीरात मोजता येणारी खूण) पात्रता कार्यक्रमात घेतली, तीही निदानासाठी नाही, औषधांच्या चाचण्यांत गट पाडता यावेत म्हणून.

म्हणून जैवसंख्याशास्त्र किंवा मेंदूविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घे, सोबत आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा शीक. मार्गदर्शक निवडताना विचार: तुमचा निष्कर्ष नव्या मुलांवर तपासला का? ऑटिस्टिक प्रौढांशीही आधीपासून बोल. ब्रिटनमधला 'स्पेक्ट्रम १०के' हा डीएनए प्रकल्प २०२१ मध्ये त्यांच्याच आक्षेपांमुळे थांबवावा लागला होता.

आणि भावाची ती तीन वर्षंच तुला सलत असतील, तर चिकित्सा मानसशास्त्राचाही विचार कर. आजही निदान वागणं पाहून आणि पालकांशी बोलूनच होतं, आणि ते नीट करणारी माणसं कमी आहेत.