पीएचडीवाल्यांना नेमकं काय शिकवू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चोपड्याकडच्या एका कॉलेजात लायब्ररियन आहे. मागच्या वर्षी पीएचडी करणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं, वर्ड, एक्सेल, पीपीटी सगळं दाखवलं, पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निम्मे गायब. यंदा परत घ्यायचंय, काय शिकवू?

उत्तर : भाऊ, यात त्यांचा आळस धरू नका. अहिराणीवर काम करणारी आणि केळीच्या मातीचे नमुने तपासणारा, दोघांना एकच एक्सेल दाखवलं तर दोघांच्याही हाती काही लागत नाही. आधी एकेकाशेजारी अर्धा तास बसा आणि म्हणा, काल जे करत होतास ते माझ्यासमोर कर. काय अडतंय असं नुसतं विचारलं तर सगळे 'काही नाही' म्हणतात, बघितलं की दिसतं.

मी अशीच एका ताईंजवळ बसले होते. जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग फोनमध्ये, नावं सगळी 'व्हॉइस 001', 'व्हॉइस 002', कोणत्या गावची कोणती आजी ते वहीत, आणि वही माहेरी शिरपूरला! त्यांना पीपीटी काय कामाची? आधी वही मागवून फाइलींना गाव, तारीख, गाणारीचं नाव असं घातलं, मग इलान नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं, ते फुकट आहे, आवाजाच्या पट्टीखाली त्या त्या सेकंदाला अहिराणी ओळ आणि तिच्याखाली मराठी अर्थ लिहिता येतो. दिवेलागणीपर्यंत त्या उठल्या नाहीत.

त्यांचं पहिलं प्रकरण कृतिदेव फॉन्टमध्ये होतं, गाइडना मेलमध्ये चिकटवून पाठवलं तर तिकडे नुसती एबीसीडीची खिचडी. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात हो, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो, म्हणून सर्चमध्येही मराठी शब्द सापडत नाही. युनिकोडमध्ये मात्र मराठी अक्षर आतही मराठीच राहतं, म्हणून मराठी आणि इतिहासवाल्यांना युनिकोड पहिल्याच तासाला शिकवा.

बायोटेकवाल्यांना एक्सेलच शिकवा पण त्यांच्या कामाचं. 'सेप्ट2' हे जीनचं नाव टाकलं की एक्सेल त्याची 2 सप्टेंबर करून टाकायचं, शेवटी 2020 मध्ये अशा जीन्सची नावंच बदलावी लागली. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करायची सवय लावा.

संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर झोटेरो मात्र सगळ्यांनाच, फुकट आहे, ऑनलाइन 300 एमबी जागा मिळते.

आणि सलग दोन दिवस नकोच, चार शनिवार दोन-दोन तास घ्या, ज्याने त्याने स्वतःचाच डेटा आणायचा.